हळद, कलौंजी आणि सरतान

आमच्या खालांच्या कपाटात एक लहानशी हिरवी बाटली होती. कलौंजीच्या तेलाची. मशिदीबाहेर अत्तर, तस्बीह आणि मिसवाक विकणाऱ्याकडून ती आणलेली होती. बाटलीवर हदीसचा दाखला छापलेला होता आणि खाली बारीक अक्षरात आजारांची यादी होती. सर्दी, संधिवात, मधुमेह, केस गळणे. यादीतला शेवटचा शब्द 'सरतान' होता.

खालांना छातीत गाठ लागली तेव्हा त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. पुरुष डॉक्टरांपुढे जायची लाज वाटत होती, खर्चाची भीती होती, आणि बाटली तर घरातच होती. आठ महिने त्या सकाळी तेल आणि रात्री हळद घातलेले दूध घेत राहिल्या. गाठ दुखत नव्हती, म्हणून औषध लागू पडते आहे असे त्यांना वाटले. पुढे त्यांना इस्पितळात नेले, तोवर रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता.

त्यांना दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही. त्यांनी जे केले ते श्रद्धेने केले. पण ती बाटली माझ्या मनातून गेली नाही. हळद आणि कलौंजी यांचा कर्करोगाशी खरोखर काही संबंध आहे का? असला तर तो कोणी, कधी आणि कसा शोधला? ज्या हकीमांचा आणि ज्या परंपरेचा दाखला आपण उठता बसता देतो, त्यांनी या रोगाबद्दल नेमके काय म्हटले होते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जो इतिहास हाती लागला तो बाटलीवरच्या मजकुरापेक्षा पुष्कळ वेगळा निघाला.

खेकड्याचे नाव

अरबीत 'सरतान' म्हणजे खेकडा. मराठीत आपण 'कर्करोग' म्हणतो, त्यातला कर्क हाही खेकडाच. दोन्ही नावांमागची कल्पना ग्रीक आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. दुसऱ्या शतकात गॅलेनने या रोगाचे कारण शरीरातील काळे पित्त असल्याचे मांडले. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली आणि काळे पित्त 'सौदा' या नावाने आपल्या युनानी वैद्यकात आले.

अरबी ग्रंथकारांनी ग्रीकांचे म्हणणे जसेच्या तसे उतरवून घेतले, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्यांनी आपल्या अनुभवाची भर घातली, आणि त्या अनुभवात अपयशाची कबुलीही होती. स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळच्या जहरा येथील अबुल कासिम जहरावी हे मध्ययुगातील सर्वांत मोठे शल्यवैद्य. 1013 च्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'अल्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात सरतानविषयी स्पष्ट सूचना आहे. गाठ लहान असेल, नवी असेल आणि स्तनासारख्या पूर्ण कापून काढता येईल अशा जागी असेल, तर ती समूळ काढावी. जुनी आणि मोठी झालेली असेल तर तिला हात लावू नये. आणि पुढे ते लिहितात की आपल्याला असा एकही रुग्ण बरा करता आला नाही आणि दुसऱ्या कोणी केलेलाही पाहण्यात नाही.

जगातल्या एका श्रेष्ठ वैद्याने आपल्या ग्रंथात ही कबुली लिहून ठेवली आहे. त्यांच्याच नावाने आज दुकान चालवणारे मात्र प्रत्येक रोगाच्या पुढे 'शर्तिया इलाज' असे लिहितात.

बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीना (980-1037) यांनीही 'अल्-कानून फित्-तिब्ब' या ग्रंथात जवळपास हाच निष्कर्ष काढला. सुरुवातीच्या अवस्थेत सरतानला वाढू न देणे शक्य असते आणि क्वचित तो बराही होतो. पण एकदा पक्का झाल्यावर नाही. हजार वर्षांपूर्वीच्या या दोघांच्या मताचा सारांश एकच निघतो. या रोगात वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. खालांनी नेमका तोच गमावला होता.

हदीस आणि तिचा अर्थ

कलौंजीला अरबीत 'अल्-हब्बतुस् सौदा', म्हणजे काळे बी म्हणतात. फारसीत तिला शूनीज हे नाव आहे आणि इब्न सीना तिचे वर्णन त्याच नावाने करतात. आपल्याकडे या बियांच्या नावांचा मोठा गोंधळ आहे. कोणी तिला कांद्याचे बी म्हणतो. कांद्याचा आणि तिचा काही संबंध नाही. कोणी काळे जिरे म्हणून शहाजिरे देतो, तर कोणी कडू जिरे. चटणीचे कारळे तर आणखी वेगळे. ही सगळी वेगवेगळी झाडे आहेत. एका रोगावर कलौंजी घ्यायला निघालेला माणूस भलतेच बी घेऊन येऊ शकतो.

या काळ्या बीमध्ये मृत्यूखेरीज सर्व विकारांवर उपाय असल्याचे प्रेषित मुहंमद (स.) यांनी सांगितल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. हजरत आएशा आणि हजरत अबू हुरैरा यांच्याकडून ती आलेली आहे. बाटलीवर हीच हदीस छापलेली असते. तिच्यावर ज्या विद्वानांनी आयुष्य घालवले त्यांनी तिचा अर्थ कसा लावला, हे मात्र बाटलीवर छापलेले नसते.

दहाव्या शतकातील भाष्यकार अल्-खत्ताबी यांचे म्हणणे असे की शब्द व्यापक असले तरी अर्थ विशिष्ट आहे. कोणत्याही एका वनस्पतीत सर्व परस्परविरोधी प्रकृतींच्या रोगांवर मात करणारे गुण एकत्र येत नाहीत, म्हणून ही हदीस थंड आणि ओलसर प्रकृतीच्या विकारांविषयी आहे असे समजावे. पंधराव्या शतकात इब्न हजर अस्कलानी यांनी बुखारीवरील आपल्या 'फत्हुल बारी' या भाष्यात अशी मते नोंदवली. काहींनी हदीसचा शब्दशः व्यापक अर्थही घेतला, त्यांचीही नोंद तिथे आहे. म्हणजे आपल्या परंपरेत या प्रश्नावर मोकळी चर्चा होत होती.

इब्न खल्दून यांनी तर 1377 मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त पुढचे पाऊल टाकले. प्रेषितांकडून जे वैद्यकीय उपाय सांगितले जातात ते त्या काळच्या अरबांच्या चालीरीतीतले आहेत. प्रेषितांचे आगमन शरीयत शिकवण्यासाठी झाले होते, वैद्यक शिकवण्यासाठी नाही, असे त्यांनी लिहिले. श्रद्धेने, बरकतीच्या भावनेने ते उपाय केले तर मोठा लाभ होतो, हेही ते मान्य करतात. पण तो श्रद्धेचा परिणाम, वैद्यकाचा नव्हे, असा भेद ते करतात.

हे मत कोणाला पटो अथवा न पटो. खुद्द प्रेषितांचे आचरण काय होते? सुनन अबू दाऊदमध्ये हजरत साद बिन अबी वक्कास यांची हकीकत आहे. ते आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी त्यांना सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जायला सांगितले. या हारिसने पुढे इस्लाम स्वीकारला की नाही याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. म्हणजे पाठवताना पाहिले गेले ते त्याचे ज्ञान. माणसाने औषधोपचार करावा, अल्लाहने वार्धक्याखेरीज प्रत्येक रोगाला उपाय ठेवला आहे, हेही हदीसमध्ये आहे. त्याचा साधा अर्थ उपाय शोधत राहावे असा होतो.

औषध तपासण्याच्या अटी

'अल्-कानून'चा दुसरा भाग सुट्या औषधांविषयी आहे. सुमारे 800 द्रव्यांची त्यात नोंद आहे. पण त्या यादीआधी इब्न सीना एक प्रकरण लिहितात, आणि माझ्या मते सगळ्या ग्रंथात तेच सर्वांत मोलाचे आहे. एखाद्या द्रव्याचा गुण अनुभवाने ठरवायचा असेल तर कोणत्या अटी पाळाव्यात, हे ते सांगतात.

औषध बाहेरच्या गुणाने बदललेले नसावे. ते गुंतागुंतीच्या नव्हे, साध्या एका विकारावर वापरून पाहावे. परस्परविरोधी विकारांवर तपासावे. औषधाचे बळ आणि रोगाचे बळ यांचा मेळ असावा. परिणाम केव्हा होतो त्या वेळेकडे लक्ष द्यावे. परिणाम नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे. नाही तर तो योगायोग समजावा. आणि शेवटची अट अशी की प्रयोग माणसाच्या शरीरावर झाला पाहिजे. सिंहावर किंवा घोड्यावर औषधाचा जो परिणाम दिसतो त्यावरून माणसाविषयी काही सिद्ध होत नाही.

त्याआधी शंभर वर्षे रय शहराच्या अबू बक्र राझी (सुमारे 865-925) यांनी याच दिशेने एक पाऊल टाकले होते. सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहात, रक्त काढल्याने खरोखर गुण येतो का हे पाहण्यासाठी त्यांनी काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही. त्यांचा निष्कर्ष आज कोणी मानणार नाही. पण दोन गट करून तुलना करायची ही रीत आजच्या प्रत्येक औषध चाचणीचा पाया आहे.

या अटी हातात धरूनच हळद आणि कलौंजी यांचा पुढचा प्रवास पाहावा, असे मला वाटते.

कुर्कुम ते कर्क्युमिन

हळदीचे शास्त्रीय नाव 'कर्क्युमा' आहे. ते अरबी 'कुर्कुम'वरून आले. कुर्कुम हा शब्द मुळात केशरासाठी होता. पिवळ्या रंगामुळे तो हळदीलाही चिकटला. हळद भारतातली आणि तिचे जागतिक नाव अरबी व्यापाऱ्यांच्या आणि हकीमांच्या तोंडचे, असा हा प्रवास आहे.

या प्रवासातला एक टप्पा आपल्या दख्खनमध्येच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. अहमदनगरचे बुऱ्हान निजामशाह यांच्याशी त्याचा स्नेह होता. दरबारातल्या अरबी-फारसी हकीमांशी तो औषधांवर वाद घालत असे. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हळदीवर एक प्रकरण आहे. निरनिराळ्या भाषांतली तिची नावे तो देतो आणि इब्न सीनांचे मत काय होते याची चर्चा करतो. ओर्ता ज्यू वंशाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी थडग्यातून काढून जाळल्या. अहमदनगरच्या मुस्लिम दरबारात ज्याला मान मिळाला त्याला स्वधर्मीयांच्या राज्यात मातीही लाभली नाही.

पुढचे काम रसायनशास्त्रज्ञांचे. 1815 मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतले पिवळे द्रव्य वेगळे केले. 1910 मध्ये पोलिश शास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडली आणि 1913 मध्ये ते प्रयोगशाळेत तयारही केले. त्याचे नाव कर्क्युमिन.

कर्करोगाशी हळदीचा संबंध जोडणारे पहिले महत्त्वाचे काम केरळात झाले. त्रिशूरच्या अमला कर्करोग केंद्रात कुट्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हळदीचा अर्क आणि कर्क्युमिन कर्कपेशी मारतात असे बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर दाखवले. 1987 मध्ये त्यांनी 62 रुग्णांच्या बाहेर आलेल्या जखमांवर हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचे मलम लावून पाहिले. 90 टक्के रुग्णांत जखमेची दुर्गंधी कमी झाली, जवळपास सर्वांची खाज कमी झाली, 70 टक्क्यांच्या जखमा कोरड्या पडल्या. जखम लहान झाली आणि वेदना कमी झाल्या त्या फक्त 10 टक्के रुग्णांत.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. ज्याच्या जखमेच्या वासाने घरचे माणूस जवळ बसेना, त्याच्यासाठी वास जाणे ही केवढी तरी मोठी गोष्ट आहे. पण ते रोग बरा होणे नव्हे, आणि त्या संशोधकांनी तसे म्हटलेही नाही. ते म्हटले नंतरच्या जाहिरातदारांनी.

कलौंजीची कथाही अशीच आहे. 1963 मध्ये इजिप्तच्या अल्-दखाखनी यांनी तिच्या सुगंधी तेलातून थायमोक्विनोन हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. 1991 मध्ये त्रिशूरच्याच केंद्रातून कलौंजी आणि केशर यांच्या अर्काने उंदरांमधील रासायनिक कर्करोग रोखला जातो असा निबंध आला. 1998 मध्ये अमेरिकेतील केंटकी येथे थायमोक्विनोनने बशीतल्या कर्कपेशी मरतात असे दिसले. त्यानंतर अशा निबंधांचा पूरच लोटला आणि हदीस विज्ञानाने सिद्ध केली असे लेख आपल्या उर्दू-मराठी नियतकालिकांत येऊ लागले.

पण इब्न सीनांची शेवटची अट राहिली होती. ती 2009 मध्ये सौदी अरेबियात पाहिली गेली. अल्-अमरी आणि बामूसा यांनी इतर उपचारांना दाद न देणाऱ्या, बळावलेल्या कर्करोगाच्या 21 रुग्णांना थायमोक्विनोन दिले. औषध सोसवले, गंभीर अपाय झाला नाही. कर्करोगावर मात्र परिणाम दिसला नाही. मुस्लिम संशोधकांनी, मुस्लिम देशात, कलौंजीच्या द्रव्यावर केलेला हा प्रयोग. त्यांनी निकाल जसा आला तसा छापला. जहरावींच्या कबुलीचा वारसा मला इथे दिसतो. तरीही आपल्या घराघरांत पोचले ते बशीतल्या पेशींचे यश. या 21 जणांची गोष्ट पोचली नाही.

बशीतून रक्तापर्यंत

एखादे द्रव्य बशीत कर्कपेशी मारते याचा अर्थ काय? बशीतल्या पेशी तर तीव्र क्षारानेही मरतात. खरा प्रश्न असा, की ते द्रव्य पोटातून रक्तात, रक्तातून गाठीत पुरेशा प्रमाणात पोचते का, आणि निरोगी पेशींना सोडून रोगी पेशींनाच मारते का?

हळद इथे अडखळते. तैवानमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 25 जणांना कर्क्युमिन दिले गेले, दिवसाला 8,000 मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या रोजच्या आमटी-सालनातून इतके कर्क्युमिन कधीच पोटात जात नाही, कारण हळदीत ते थोड्याच टक्क्यांनी असते. तरी रक्तात ते अत्यल्पच सापडले. आतडे आणि यकृत त्याचे रूप बदलून त्याला बाहेर टाकतात. अमेरिकेत 2008 मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगावर झालेल्या चाचणीत ज्यांचे मूल्यमापन करता आले अशा 21 रुग्णांपैकी दोघांत काही परिणाम दिसला. एकाची गाठ बरीच आकसली, पण थोड्याच काळासाठी. बाकीच्यांत नाही. नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे, ही अट इथे आठवावी.

हळदीबरोबर काळी मिरी घेतली की ती अंगी लागते, असेही सांगतात. यात तथ्य आहे. बंगळूरमध्ये 1998 साली झालेल्या प्रयोगात मिरीतल्या पायपरीनमुळे रक्तातील कर्क्युमिन वीस पटींनी वाढल्याचे दिसले. पण मिरी हे करते ते यकृताचे औषधे निकामी करण्याचे काम मंदावून. मग रुग्ण घेत असलेली दुसरी औषधेही रक्तात वाढू शकतात. अमेरिकेत 2022 मध्ये हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतला एक दगावला. फोडणीतली हळद आणि बाटलीतली तीव्र हळद यांत हा फरक आहे.

या संशोधनाला एक डागही लागला. अमेरिकेतील एका नामांकित प्रयोगशाळेतून मसाल्यांच्या कर्करोगविरोधी गुणांवर वर्षानुवर्षे निबंध येत होते आणि जगभर त्यांचे दाखले दिले जात होते. त्यांतल्या चित्रांविषयी शंका निघाल्या. 2016 मध्ये एका नियतकालिकाने एकाच वेळी सात निबंध मागे घेतले. पुढे इतरांनीही घेतले. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकात कर्क्युमिनचा सविस्तर आढावा आला. हे द्रव्य अस्थिर आहे, शरीरात शोषले जात नाही, तपासणीची साधनेच फसवून खोटे यश दाखवते आणि शंभराहून अधिक चाचण्या होऊनही खऱ्या व खोट्या औषधाची गुप्त तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

याने हळद वाईट ठरत नाही. कर्करोगाचे औषध म्हणून ती आजवर सिद्ध झालेली नाही, एवढेच ठरते.

उर्दू ग्रंथांची साक्ष

हळदीच्या इतिहासात आपल्याला अभिमान वाटावा असाही एक प्रसंग आहे. मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या गुणाचे पेटंट मिळाले. आपल्या आज्या-नान्या जे करत आल्या त्याची मालकी दुसऱ्याकडे गेली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हा गुण नवा नाही हे दाखवण्यासाठी 32 लिखित पुरावे सादर झाले. त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दू ग्रंथही होते. 1997 च्या ऑगस्टमध्ये पेटंट रद्द झाले. पुढे 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह सुरू झाला. त्यात आयुर्वेदाबरोबर युनानीचे अरबी, फारसी, उर्दू ग्रंथ नोंदले गेले.

पण लढाई जिंकली ती लिहून ठेवलेल्या पुराव्यावर. आमच्याकडे पूर्वापार असे आहे, एवढ्या बोलण्यावर कोणी पेटंट रद्द केले नसते. परंपरेची राखणही अखेर पुराव्यानेच होते.

हकीम आणि रसायनशास्त्रज्ञ

मग वनस्पतींतून औषध मिळतच नाही का? मिळते. कसे मिळते ते पाहण्यासारखे आहे.

दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या इमारतीचे उद्घाटन 1921 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. हकीम अजमल खान यांचे ते स्वप्न होते. युनानी औषधे रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासावीत म्हणून त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमा सिद्दीकी यांना बोलावले. सिद्दीकींनी असरोल, म्हणजे आपली सर्पगंधा, तपासायला घेतली. 1931 मध्ये तिच्यातून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला त्यांनी दिवंगत हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर त्याचा उपयोग झाला. 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पाहून प्रसिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. मुस्लिम हकीम, मुस्लिम रसायनशास्त्रज्ञ, पारशी डॉक्टर आणि हिंदुस्थानी मुळी. आपल्या वारशाचे खरे चित्र हे आहे.

कर्करोगातही असेच घडले. दारातली सदाफुली मधुमेहावर चालते या समजुतीने कॅनडात तपासली गेली. मधुमेहावर ती चालली नाही, पण तिने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी केल्या. त्यातून 1950 च्या दशकाअखेर विनब्लास्टिन आणि पुढे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे विनक्रिस्टिन मिळाले. आपल्या नंदुरबारला 1925 मध्ये जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले. सहकारी मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि 1971 मध्ये यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल ही द्रव्ये शोधली. सह्याद्रीतल्या नरक्यातही कॅम्प्टोथेसिन सापडते. टॅक्सॉलला, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलला, अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1992 मध्ये. सालीतून शिरेतल्या थेंबापर्यंत यायला एकवीस वर्षे लागली.

आज कोणी सदाफुलीची पाने चावून किंवा यूची साल उकळून कर्करोग बरा करत नाही. यू तर विषारी झाड आहे. द्रव्य शुद्ध करायचे, मात्रा ठरवायची, अपाय मोजायचे आणि मग माणसाच्या हाती द्यायचे. इब्न सीनांच्या अटींचाच हा विस्तार आहे.

विजापूरची चिलीम

शेवटी एक कटू गोष्ट. आपण कर्करोगावर काय खावे याची इतकी चर्चा करतो, पण काय सोडावे याची करत नाही.

असद बेग हा अकबराचा सरदार 1604 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतताना तंबाखू आणि सुंदर नक्षीची चिलीम घेऊन आला. त्याने ती बादशहाला नजर केली. त्याने स्वतःच लिहून ठेवलेली हकीकत अशी की दरबारच्या हकीमाने बादशहाला ती ओढू नये म्हणून विनवले. ज्या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही, जिची परीक्षा झालेली नाही, ती बादशहाला कशी द्यावी, हा हकीमाचा मुद्दा होता. असद बेगने युक्तिवाद केला की फिरंगी शहाणे लोक ती वापरतात. अमीर-उमरावांनी तंबाखू मागून घेतली आणि तिचा प्रसार झाला. 1617 मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला, पण तोवर वेळ निघून गेली होती.

त्या हकीमाचे कोणी ऐकले नाही. आज मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना 1941) तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रांगा पाहाव्यात. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी आपल्या मोहल्ल्यांतल्या टपऱ्यांवर पुड्या लटकत राहिल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये 16 धूम्रपान करणाऱ्यांना महिनाभर हळद दिली, तेव्हा त्यांच्या लघवीतील घातक द्रव्ये कमी झाल्याचे आढळले. प्रयोग चांगला होता. पण त्याचा अर्थ बिडी ओढत राहा आणि वर हळद खा असा करणे म्हणजे घराला आग लावून घागर शोधण्यासारखे आहे.

2018 साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक तुलना प्रसिद्ध केली. शरीरात इतरत्र न पसरलेला कर्करोग असताना ज्या 281 जणांनी फक्त पर्यायी उपाय निवडले, त्यांच्या मृत्यूचा धोका रीतसर उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर हिरवी बाटली आली.

खाला इस्पितळात होत्या तेव्हा त्यांच्या हातात जी सलाईन लावली होती तिच्या पिशवीवरचे नाव मी वाचले होते. पॅक्लिटॅक्सेल. तेव्हा मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. एका झाडाची साल, नंदुरबारचा एक माणूस आणि एकवीस वर्षांची मेहनत त्या थेंबांत उतरली होती. उपाय ठेवला आहे, शोधा, असे हदीस सांगते. तो शोधला गेला होता. खालांपर्यंत तो आठ महिने उशिरा पोचला.

त्या गेल्या त्याला आता काही वर्षे झाली. त्यांच्या मुलीने कलौंजी टाकलेली नाही. नानखटाईवर आणि लोणच्यात ती अजून घालते. तेलाची बाटली मात्र तिने कोणाला दिली नाही. गेल्या वर्षी तिच्या छातीत काहीसे हाताला लागले तेव्हा चौथ्या दिवशी ती तपासायला गेली. काही निघाले नाही. अल्हम्दुलिल्लाह.